कवड्या की मण्यार?

रात्री साडेदहाला सर्पमित्राच्या फोनवर एक फोटो येऊन पडतो. ओट्याखाली, गॅसच्या सिलिंडरमागे, काळपट अंगावर पांढरे पट्टे असलेला हातभर साप. फोटो हललेला, फ्लॅशने फरशी चकाकलेली, सापाचे डोके सिलिंडरच्या आड. खाली एवढेच लिहिलेले: ‘दादा, विषारी आहे का?’

उत्तर बहुधा दोहोंपैकी एक असते. कवड्या असेल तर पालींच्या मागावर भिंत चढून घरात आलेला बिनविषारी जीव. मण्यार असेल तर देशातल्या सर्वांत जहाल विषाच्या सापांपैकी एक. मण्यार रात्री हिंडतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो आणि चावा इतका हलका असतो की पुष्कळदा झोपही मोडत नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या मिटू लागतात, घोट गिळता येत नाही. तोवर सापाचा संशयही कुणाला आलेला नसतो.

हा फरक सर्पमित्राला ओळखता यायला हवा आणि तोही हललेल्या फोटोवरून. नव्याने या कामात येणाऱ्यांना सरावासाठी मोबाइलवर चालणारे एक साधे ॲप कसे रचता येईल, ते या प्रकरणात पाहू. ॲप म्हटले की कोड डोळ्यांसमोर येतो. खरे तर कोड हा यातला सर्वांत सोपा भाग आहे. ज्याला बरे वेबपेज करता येते त्याचे ते सुट्टीतले काम. अवघड आहे ते ॲपने काय विचारायचे आणि चुकीच्या उत्तरावर काय करायचे, हे ठरवणे.

आधी उजळणीचा हिशेब. हर्मन एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्ये स्वतःवर केलेल्या प्रयोगांचे पुस्तक प्रसिद्ध केले. अर्थहीन अक्षरांच्या याद्या तो पाठ करी आणि किती काळाने किती गळाले ते मोजी. गळती सुरुवातीला भराभर होते, नंतर मंदावते. उजळणी एका बैठकीत उरकण्याऐवजी निरनिराळ्या दिवसांवर पसरली, तर तेवढ्याच कष्टात पाठ जास्त टिकतो. सेबास्टियान लाइट्नर या जर्मन लेखकाने 1972 मध्ये त्यासाठी कप्प्यांचा खोका सुचवला: बरोबर आलेले कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलेले परत पहिल्यात, आणि पुढचे कप्पे उशिरा-उशिरा उघडायचे. पोलंडच्या पिओत्र वोझ्नियाकने 1987 मध्ये हा विचार संगणकावर आणला. 2006 मध्ये आलेल्या ‘अंकी’ या मोफत प्रोग्रॅमने वोझ्नियाकचेच सूत्र थोडे बदलून वापरले.

सूत्र अगदी आटोपशीर आहे. पहिली उजळणी 1 दिवसाने, दुसरी 6 दिवसांनी, त्यानंतर दर वेळी मागचे अंतर एका गुणकाने वाढवायचे. गुणक 2.5 पासून सुरू होतो. म्हणजे 6 नंतर 15 दिवस, मग 38, मग तीन महिने. उत्तर देताना अडखळलात तर गुणक घटतो, पण 1.3 च्या खाली जात नाही. चुकलात तर मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. आजही कोणत्याही संगणकभाषेत हे दहा-पंधरा ओळींत बसते, आणि आपल्याला याहून हुशार सूत्राची गरज नाही.

अडचण दुसरीकडे आहे. ही पद्धत वाढली ती परकीय भाषेतले शब्द पाठ करणाऱ्यांच्या हातात. शब्दाच्या कार्डाला एक पुढची बाजू असते आणि एक मागची. सापाला एकच चेहरा नसतो. एकच जात पिल्लू असताना वेगळी दिसते, कात टाकण्याआधी मळकट दिसते, पोट भरल्यावर जाड दिसते, आणि कपाटाखालून तर तिची फक्त शेपूटच दिसते. एका सापाचा एक फोटो म्हणजे एक कार्ड, असे धरले तर शिकणारा आठवडाभरात फोटो पाठ करतो. साप तसाच राहतो. कोपऱ्यातली लाल बादली दिसली की ‘घोणस’ असे बोट आपोआप दाबले जाते.

म्हणून पहिला बदल असा: उजळणीची तारीख जातीला लावायची, फोटोला नाही. मण्यारची पाळी आली की त्या जातीच्या साठ्यातला कोणताही फोटो उचलायचा, शक्यतो आधी न दाखवलेला. सुरुवातीला आपल्या भागात नेहमी आढळणाऱ्या 15 जाती घेतल्या आणि प्रत्येकीचे 20 फोटो जमवले, तर 300 फोटो होतात. त्यातले प्रत्येकी 5 सरावात कधीच दाखवायचे नाहीत. ते परीक्षेसाठी राखून ठेवायचे. सरावातल्या फोटोंवर कुणी शंभरपैकी पंचाण्णव मिळवले, तर त्यातून फार काही कळत नाही. राखलेल्या फोटोंवर किती मिळाले, ते महत्त्वाचे.

दुसरा बदल क्रमाचा. सापांची पुस्तके कुळवार लावलेली असतात आणि प्रशिक्षण शिबिरेही तशीच चालतात: आधी नागाच्या दहा स्लाइड, मग घोणसच्या दहा. 2008 मध्ये नेट कॉर्नेल आणि रॉबर्ट बियॉर्क या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना 12 चित्रकारांची प्रत्येकी 6 निसर्गचित्रे दाखवली. काही चित्रकारांची चित्रे सलग, काहींची इतरांत मिसळून. मग त्याच चित्रकारांची नवी चित्रे दाखवून ‘हे कुणाचे?’ असे विचारले. मिसळून पाहिलेल्या चित्रकारांना विद्यार्थ्यांनी जास्त अचूक ओळखले. गंमत पुढेच आहे. कोणत्या पद्धतीने जास्त शिकलात असे विचारल्यावर बहुतेकांनी सलग पाहण्याला कौल दिला, स्वतःचे गुण उलटे सांगत असतानाही. सलग पाहताना सोपे वाटते आणि सोपे वाटले की शिकलो असे वाटते. आपले ॲप वापरणाराही तक्रार करणार: ‘सगळे साप एकत्र का टाकले? आधी एकेक नीट होऊ द्या ना.’ ही तक्रार ऐकून घ्यावी आणि क्रम बदलू नये.

मात्र मिसळायचे म्हणजे वाटेल ते शेजारी ठेवायचे नाही. नाग आणि वाळा यांत गोंधळणारा माणूस विरळा. गोंधळ ठरावीक जोड्यांतच होतो आणि त्या जोड्या कोणताही अनुभवी सर्पमित्र झोपेतून उठवला तरी सांगेल. ॲपचा सारा कस या जोड्यांत आहे, म्हणून इथे जरा थांबू.

कवड्या आणि मण्यार. पट्टे दोघांना आहेत, पण त्यांची दिशा उलटी आहे. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात, पुढच्या अंगावर ठसठशीत असतात आणि शेपटीकडे विरत जातात. वाढलेल्या मण्यारच्या मानेजवळ पट्टे नसतात किंवा पुसट ठिपक्यांपुरते उरलेले असतात. ते पाठीमागे स्पष्ट होत जातात, पुष्कळदा दोन-दोनच्या जोडीने. कवड्याचे डोके चपटे आणि मानेहून रुंद, मण्यारचे मानेत मिसळलेले. इतके सांगून पोस्टर थांबते. पण मण्यारच्या पिल्लाचे पट्टे मानेपर्यंत येऊ शकतात आणि तिथे पट्ट्यांचा नियम दगा देतो. त्या वेळी कामाला येते ती कण्यावरची खवल्यांची ओळ. मण्यारमध्ये पाठीच्या मधोमध षटकोनी, शेजारच्यांहून मोठ्या खवल्यांची रांग डोक्यापासून शेपटीपर्यंत जाते. कवड्यात ती नसते. ओट्याखालच्या त्या फोटोत डोके दिसत नव्हते, पण पाठ दिसत होती.

घोणसची गफलत दोघांशी होते. घोणसच्या पाठीवर काळ्या कडेचे लांबट गोल डाग तीन ओळींत, साखळीसारखे ओवलेले असतात. डुरक्या घोणसचे डाग वेडेवाकडे, एकमेकांत मिसळलेले आणि शेपूट आखूड, तो बिनविषारी. अजगराच्या अंगावर मोठे, आकारहीन चट्टे असतात आणि डोक्यावर भाल्याच्या पात्याची खूण. अजगराचे पिल्लू समजून घोणस हातात घेण्याची चूक जीव घेणारी आहे. म्हणून ही तीन नावे ॲपमध्ये नेहमी एकमेकांच्या अंगाला लागून यावीत.

कोकणातल्या जांभ्याच्या सड्यांवर फुरसे भरपूर. त्याच्या डोक्यावर पक्ष्याच्या पावलासारखी खूण, अंगाच्या दोन्ही बाजूंनी नागमोडी फिकट रेघ. छेडले की वेटोळे एकमेकांवर घासून खरखर आवाज काढते. त्याच्याशी मांजऱ्याचा घोळ होतो. मांजऱ्याही तपकिरी, त्याच्याही अंगावर वेड्यावाकड्या खुणा, डोळ्यातली बाहुली दोघांचीही उभी. पण मांजऱ्या सडपातळ, लांब शेपटीचा, बारीक मानेचा. फुरसे आखूड आणि दणकट.

त्या उभ्या बाहुलीवरून एक आठवले. ‘उभी बाहुली म्हणजे विषारी’, ‘त्रिकोणी डोके म्हणजे विषारी’ असे नियम मोबाइलवर फिरत असतात. नाग आणि मण्यार या दोघांची बाहुली गोल आहे आणि डोकेही त्रिकोणी नाही. मांजऱ्या निमविषारी, माणसाला त्याचा धोका नाही, आणि बाहुली उभी. असले नियम मोडणारी कार्डे ॲपमध्ये मुद्दाम भरावीत, कारण शिकायला येणारा माणूस कोरा येत नाही. तो असे चार-पाच नियम घेऊनच येतो.

उरलेल्या जोड्या झटपट. फणा न काढलेल्या नागाला धामण म्हटले जाते. धामणीच्या वरच्या ओठावर खवल्यांच्या सांध्यांत काळ्या उभ्या रेघा असतात, त्या पाहाव्यात. हिरव्या सापांत हरणटोळ, गवत्या आणि चापडा एकत्र ठेवावेत. पाण्याकाठी विरोळा आणि नाग.

आता चुकीचा हिशेब. वोझ्नियाकच्या सूत्राला सगळ्या चुका सारख्या. शब्द चुकला तर चुकला. इथे तसे नाही. मण्यारला कवड्या म्हणणारा स्वतः मरू शकतो किंवा ‘काही नाही, झाडूने बाहेर काढा’ असे सांगून दुसऱ्याला मारू शकतो. कवड्याला मण्यार म्हणणारा फार तर अर्धा तास जास्त सावधपणे वागेल. तेव्हा पहिली चूक झाली की कार्ड त्याच बैठकीत दोनदा परत यावे, दुसऱ्या दिवशी यावे, आणि सोबत दोघांचे फोटो शेजारी-शेजारी, फरकाच्या जागेवर वर्तुळ काढून. दुसऱ्या चुकीला नेहमीची शिक्षा पुरे.

पण एवढ्यावर थांबलो तर ॲप भित्रे सर्पमित्र तयार करील. दर वेळी ‘विषारी’ म्हटले की सुटका होते, हे शिकणाऱ्याच्या चटकन लक्षात येते. या बाजूच्या चुकीलाही किंमत आहे आणि ती साप भरतो. गावोगाव मारल्या जाणाऱ्या सापांत धामणी, कवडे, विरोळे किती असतात हे कुणीही सर्पमित्र सांगेल. त्यामुळे ॲपने एकच टक्केवारी दाखवू नये. दोन आकडे दाखवावेत: विषारी सापांपैकी किती निसटले आणि बिनविषारींपैकी कितींवर उगाच आळ घेतला. पहिला शून्याकडे नेणे ही अट, दुसरा कमी करत जाणे ही प्रगती.

या दोहोंमध्ये एक तिसरे बटण हवे. ‘या फोटोवरून सांगता येत नाही, विषारी समजून वागेन.’ माझ्या मते सगळ्या ॲपमध्ये सर्वांत मोलाचे बटण हेच. ते खरे ठरावे म्हणून काही फोटो मुद्दाम असे घालायचे की ज्यांवरून तज्ज्ञालाही सांगता येऊ नये: नुसते शेपटीचे टोक, अंधारातली हललेली रेघ, पोत्यातला फुगवटा. तिथे हेच बटण दाबणाऱ्याला पूर्ण गुण, नाव सांगणाऱ्याला शून्य, नाव योगायोगाने बरोबर असले तरी. स्वच्छ फोटोवर मात्र हे बटण दाबले तर गुण अर्धे.

फोटो कुठून आणायचे? 2008 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत विद्यार्थी-प्रकल्प म्हणून सुरू झालेल्या ‘आयनॅचरलिस्ट’वर जगभरातल्या निरीक्षकांनी भारतातल्या सापांचे पुष्कळ फोटो टाकले आहेत. प्रत्येकाखाली परवाना लिहिलेला असतो. ज्यांवर क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना आहे तेच घ्यावेत, छायाचित्रकाराचे नाव द्यावे, आणि बिगर-व्यावसायिक वापराची अट असेल तर ॲप विकू नये. स्थानिक सर्पमित्रांच्या फोनमधला साठा याहूनही उपयोगी, कारण तो खऱ्या कॉलचा असतो: अंधार, अडगळ, मोरी, पत्र्याची शेड.

त्यात दोन सापळे आहेत. बिनविषारी साप लोक हातात धरून फोटो काढतात आणि विषारी हुकवर. असे फोटो तसेच भरले तर शिकणारा सापाकडे न पाहता हाताकडे पाहतो आणि भराभर बरोबर उत्तरे देतो. हात, हुक, बरणी, पाहणाऱ्यांचे पाय, सगळे कापून टाकावे. दुसरा सापळा फोटोत दडलेला असतो. मोबाइलने काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये जागेचे अक्षांश-रेखांश असू शकतात. मांडूळ अंधश्रद्धेपायी चोरट्या बाजारात विकला जातो. तो नेमक्या कोणत्या बांधावर दिसला हे तीनशे फोनवर वाटण्याचे कारण नाही. फोटो लहान करतानाच ही माहिती पुसावी.

लहान तो करायचाच आहे. एक फोटो 100 किलोबाइटपर्यंत आणला तर 300 फोटो 30 मेगाबाइटमध्ये बसतात आणि एकदा उतरवले की रेंज नसलेल्या वाडीतही चालतात. सारे ॲप म्हणजे एक वेबपेज, जातींच्या नोंदींची एक फाइल आणि नेट नसताना पान उघडून देणारा ‘सर्व्हिस वर्कर’ नावाचा छोटा प्रोग्रॅम. सर्व्हर नको, खाते नको, पासवर्ड नको. प्रगतीची नोंद त्याच फोनमध्ये राहते. ब्राउझर साफ केला तर ती जाते, म्हणून ती फाइल बाहेर काढून ठेवण्याची सोय द्यावी. नोंदींच्या फाइलमध्ये प्रत्येक जातीला शास्त्रीय नावाचा एक कायमचा खुंटा ठेवावा आणि गावोगावची नावे त्याला टांगावीत. एका भागात विरोळा, दुसऱ्या भागात धोंड्या, तिसरीकडे पाणदिवड. फोन करणारा यातले कोणतेही म्हणेल आणि ॲपला ते कळले पाहिजे.

इथपर्यंत आल्यावर कुणीतरी हमखास विचारतो की कॅमेराच सापाकडे रोखला आणि फोनने नाव सांगितले तर? मी याच्या विरोधात आहे. शिकण्याचे ॲप चुकले तर शिकणाऱ्याचे गुण जातात. ओळखणारे ॲप चुकले तर काय जाते ते वेगळे सांगायला नको. शिवाय ज्याला साप ओळखता येतो त्याच्या हातातच असे यंत्र सुरक्षित, आणि त्याला त्याची फारशी गरज नाही.

दंश झाल्यानंतर तर कोणतेच ॲप उघडायचे नाही. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने 2000 ते 2019 या वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे दगावली असा अंदाज मांडला. वर्षाला सरासरी 58 हजार, बहुतेक ग्रामीण भागात आणि निम्मी पावसाळ्यात. सापाचे नाव शोधण्यात, साप मारून पिशवीत भरण्यात, मांत्रिकाकडे नेण्यात जाणारा वेळ उपचारांच्या वेळेतून जातो. आपल्याकडे मिळणारे प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांविरुद्ध एकत्रच बनवलेले असते. रुग्णालयात डॉक्टर लक्षणे पाहून ते देतात: पापण्या पडतात का, श्वास जड होतो का, आणि काचेच्या स्वच्छ नळीत घेतलेले रक्त 20 मिनिटांत गोठते का. नाव कळले तर मदत होते, पण नावासाठी गाडी थांबवू नये. ॲपच्या पहिल्याच पानावर, मोठ्या अक्षरांत, हे आणि जवळच्या सरकारी रुग्णालयाचा रस्ता, एवढेच असावे. साप पकडण्याचे धडे या ॲपमध्ये अजिबात नकोत. ते काम वनविभागाच्या परवानगीने आणि जाणत्या माणसाच्या हाताखाली शिकायचे आहे.

शेवटची सोय करायला सोपी आणि उपयोग मोठा. उजळणीला ऋतू जोडायचा. घोणस अंडी घालत नाही, पिल्लांना जन्म देते, मुख्यतः मे ते जुलैमध्ये आणि कित्येकदा एका वेळी वीस-तीस. त्याच सुमारास नाग-धामणींची अंडीही फुटू लागतात. पावसाच्या तोंडावर येणाऱ्या कॉलमध्ये टीचभर पिल्ले बरीच असतात आणि आपण वर पाहिले तसे पिल्लांतच पट्ट्यांचे, डागांचे नियम डगमगतात. म्हणून प्रत्येक फोटोच्या नोंदीत ‘पिल्लू’ किंवा ‘वाढलेला’ असा एक रकाना ठेवायचा आणि फोनमधली तारीख 1 मेच्या पुढे गेली की पिल्लांच्या फोटोंची निवड दुपटीने करायची. कोडमध्ये ही एक ओळ आहे. रकाना मात्र 300 फोटोंसाठी हाताने भरावा लागतो, आणि तो जुन्या सर्पमित्राला शेजारी बसवूनच भरावा.